चारही कोपऱ्यांचे जव

नळाला पाणी आलं की मनकर्णाबाईंना दुसरं काही सुचत नसे. त्या दिवशीही हंडा निम्मा भरला होता, तेवढ्यात दार वाजलं. बिडकीनमध्ये दार कोण वाजवतं? माणसं अंगणातूनच हाका मारतात. म्हणजे आलेलं माणूस परकं होतं.

"कोन हाय? उघडंच हाय, या आत!"

दारात पाठीला सॅक लावलेली तरुणी. नाव करुणा. गावोगावचं जुनं बियाणं जमवत संभाजीनगरहून आली होती. "आजी, तुमच्याकडं गावरान जव आहेत म्हणे. पारूबाईंनी सांगितलं."

"पारूला माझ्या घरातलं मीठसुदिक ठावं असतं! बस. पन उशीर केलास लेकी. जव व्हते. आता नायत."

शेत कारखान्यांच्या पट्ट्यात गेलं, मालकही गेले, मुलगा सोमनाथ पुण्याला. उरला विहिरीजवळचा तुकडा. त्यात त्या दरसाल जव पेरत. उन्हाळ्यात जव भाजून केलेलं सातूचं पीठ गूळ घालून प्यायला घरात कोणी उरलं नव्हतं, तरी पेरत. बियाण्यासाठी चारही कोपऱ्यांतल्या ओंब्या घ्यायच्या. खुज्या, उंच, काळ्या कुसळांच्या, हाताला येतील तशा. ही सासूची शिस्त. का, ते सासूनं सांगितलं नाही आणि मनकर्णाबाईंनी विचारलं नाही.

मागच्या दिवाळीत सोमनाथ आला. आईची नजर अधू झालेली, म्हणून त्यानं सगळं बी चाळणीतून काढलं. टपोरे दाणे ठेवले, बारीक कोंबड्यांना टाकले. "बघ आई, कसं मोत्यासारखं झालं!" मनकर्णाबाईंच्या ओठांवर आलेलं मागं फिरलं. किती दिवसांनी लेक अख्खी दुपार जवळ बसला होता.

तेच टपोरे पेरले. यंदा माघातच ऊन तापलं. दाणा अजून चिकात, दुधाळ असतानाच ओंब्या पांढऱ्या पडल्या, आणि हाती काहीच आलं नाही.

करुणा हळूच म्हणाली, "टपोरे उशिरा भरत असतील, आजी. बारीक दाण्याचे लवकर पिकून मोकळे होत असणार. थंडी लांबली असती तर टपोऱ्यांनीच कणगी भरली असती. सगळे मिसळून होते, म्हणून दरसाल कोणी ना कोणी तगायचं."

"व्हय? म्हंजे सासू येडी नव्हती तर!" त्या हसल्या आणि मधेच थांबल्या. "सोम्याला सांगू नको बरं. लई मायेनं चाळलं व्हतं त्यानं."

मग उठून देवघराशी गेल्या. वर खुंटीला ओंब्यांची एक जुडी टांगलेली होती. नवं पीक आलं की देवापुढं नवी जुडी बांधायची, जुनी पाखरांना घालायची. यंदा नवी आलीच नाही, म्हणून चाळणीआधीच्या पिकाची जुनी तशीच राहिली होती. करुणा पुढं झाली.

"थांब. मीच काढते."

स्टुलावर चढून त्यांनी जुडी काढली, पदरानं धूळ पुसली.

"थोडे दाणे मेले असतील," करुणा म्हणाली, "पण पुष्कळ उगवतील. निम्मी तुम्ही ठेवा."

"ठिवून काय करू? मला वाकवत नाय, अन् सोम्याला सुट्टी नाय."

करुणानं जुडी कागदात गुंडाळली. "तुमचं नाव लिहिते हं वर. अजून काही, आजी?"

मनकर्णाबाई रिकाम्या खुंटीकडं बघत राहिल्या.

"नावाचं ऱ्हाऊ दे. पेराल तवा मला न्यायला ये. बांधावर नुसती बसंन."