संथ मगर बँडचे शेवटचे मिनिट

मागच्या दिवाळीनंतरच्या पहिल्या रविवारी दुपारी बडोद्यात, दांडिया बाजारातल्या एका दिवाणखान्यात, सात जणांनी एक गाणे ऐकले. बँडचे नाव संथ मगर, गाण्याचे नाव ‘कोयलीचा दिवा’. सातांपैकी सहा जणांना ते पाठ होते. त्या सहांतला एक त्या बँडचा ड्रमर होता आणि गाणे लागले तेव्हा तो स्वयंपाकघरात चहा गाळत होता. सातवी मी. मला यातले काहीही ठाऊक नव्हते.

ठाऊक नसलेली आणखी एक गोष्ट आधीच सांगते. संथ मगर हा दोघांचाच बँड होता. त्यातला गिटारवादक मुकुंद आता परदेशात असतो. कॉलेजच्या दिवसांत एकदाच ध्वनिमुद्रित केलेले हे गाणे तो इंटरनेटवर टाकणार होता आणि त्याने ड्रमरला विचारले होते, शेवटचे मिनिट कापू की ठेवू? त्या मिनिटात ड्रम्स हींच तालात (गरब्याचा, झोक्यासारखा सहा मात्रांचा ताल) शिरतात. मुकुंदच्या मते गाणे तिथे मोडते. याच मिनिटावरून बँड फुटला होता. उत्तर द्यायची मुदत त्या रविवारी संपत होती.

बडोद्यात कोणाला विचारून उपयोग नव्हता. हींच सुरू झाली की इथले पाय आपोआप हलतात, आणि ओळखीची माणसे चांगलेच बोलणार. बाहेरचा, आधी काहीही न सांगितलेला एक कान हवा होता. तो माझा ठरला.

निमित्त साधे होते. अपरिचित, दुर्लक्षित रॉक बँड एकमेकांना सुचवणाऱ्यांचा फोनवर आमचा एक ग्रुप आहे. त्यातले बडोदेकर दर महिन्याला दिघेबाईंच्या घरी जमून ऐकतात. बाई शाळेत पदार्थविज्ञान शिकवत असत. “एकदा ये, तुझा एक बँड घेऊन ये,” असे त्यांनी कळवले आणि शनिवारी सकाळी मी पुण्याहून बडोद्याला उतरले.

स्टेशनवर न्यायला ग्रुपमधले शिर्के आले होते. कोयलीच्या रिफायनरीत फिटर होते, आता निवृत्त. पणजोबा संस्थानच्या फौजेत होते, एवढे त्यांनी स्कूटरला किक मारता मारता सांगितले. बडोद्यातल्या सकाळच्या उन्हाला दिवाळीनंतर एक मऊपणा असतो. रस्ते झोपेतून उठल्यासारखे, झाडांवर धुळीचा सोनेरी थर. स्कूटर इतकी सावकाश चालत होती की एका सायकलवाल्याने मागे वळून आमची विचारपूस केली.

पहिला थांबा सेव उसळीचा. वाटाण्याची उसळ, वर शेव, कांद्याची पात, आणि बाजूच्या पातेल्यातून हवी तेवढी तिखटजाळ तरी. मी हवी तेवढी घेतली आणि डोळ्यांतून पाणी आले.

“ताई, पाव खा, पाव. पाणी नको ने,” शिर्के म्हणाले. मग माझे ठसकणे थांबायची वाट पाहून त्यांनी विचारले, “तुम्ही गरबा खेळता?”

“नाही.”

“नवरात्रात कधी गुजरातेत आलात?”

“कधीच नाही.”

“लहानपणी शेजारी कोण गुजराती वगैरे?”

“शेजारी सगळे कोकणस्थ होते.”

“मस्त!” ते म्हणाले आणि माझ्यासाठी आणखी एक पाव मागवला. कोकणस्थ शेजाऱ्यांचा एवढा आनंद झालेला माणूस मी आधी पाहिला नव्हता.

दुपारी विश्वामित्रीच्या पुलावर थांबलो. नदी शहराच्या मधून जाते, पण शहराला तिची घाई लागलेली नाही. पाणी हिरवे, जवळजवळ न हलणारे. काठाच्या चिखलात काहीतरी काळे पडले होते.

“मगर?” मी विचारले.

“टायर आहे तो. लोक टाकतात.”

आम्ही कठड्याला टेकून बराच वेळ पाहत राहिलो. मागून रिक्षा जात होत्या, त्यांचे आवाज पाण्यावर पोचेपर्यंत विरत होते. थोड्या वेळाने टायर पाण्यात उतरला.

 स्कूटरवर बसताना शिर्के म्हणाले, “आम्ही लहान असताना तासतास बघायचो. ती हलते कधी ते दिसतच नाही. हललेली दिसते फक्त.”

लहरीपुऱ्यात त्यांनी बाईंसाठी लीलो चेवडो (बटाट्याचा ओलसर, हिरवट चिवडा) घेतला. तिथल्या जुन्या वेशीच्या कमानीखाली चणिया-चोळीची दुकाने अजून नवरात्रातला उरलेला माल लावून होती. आरशांचे तुकडे उन्हात लुकलुकत होते आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या सदऱ्यांवर उजेडाचे ठिपके फिरत होते.

संध्याकाळी आम्ही कोयलीच्या बाजूला निघालो. सपाट शेते, एरंडाची पाने, क्षितिजावर नळ्यांचे आणि टाक्यांचे जंगल. त्याच्यावर उंच चिमणीच्या टोकाला एक ज्योत होती. आकाशात उजेड होता तोवर ती नुसती थरथर वाटत होती. मग आकाश जांभळे झाले आणि ती पिवळी, मग नारिंगी झाली.

“कामावर फ्लेअर म्हणायचं,” शिर्के म्हणाले. “घरी कोयलीचा दिवा. आई म्हणायची, दिवा दिसतोय तोवर घरी या.”

परत निघताना स्कूटर सुरू होईना. इंजिन थंड व्हायची वाट पाहत आम्ही बांधावर बसलो. ज्योत वाऱ्याने आडवी व्हायची, पुन्हा उभी राहायची. शिर्के स्कूटरच्या सीटवर बोटांनी काहीतरी वाजवत होते. मी तिकडे लक्ष दिले नाही.

रविवारी जेवणे उरकल्यावर मंडळी जमली. बाईंच्या बैठकीचे नियम दोन. बँडचे नाव शेवटी सांगायचे, आणि एक गाणे एकदाच वाजणार. सुचवणारा भिंतीकडे तोंड करून बसतो, म्हणजे त्याला ऐकणाऱ्यांचे चेहरे वाचता येत नाहीत आणि ऐकणाऱ्यांना त्याच्या चेहऱ्याची भीड पडत नाही.

नावाचा नियम दंतवैद्य पराग मेहतांमुळे आला. नाव ऐकले की ते म्हणत, “हे? हे तर मी कधीच ऐकलंय.” एकदा तेजलने, ती चित्रकलेची विद्यार्थिनी, जागच्या जागी एक बँड रचून त्याचे नाव टाकले. मेहतांनी त्याच्या पहिल्या अल्बमची स्तुती केली होती.

“दुसरा अल्बम पडेल होता, एवढंच म्हणालो नाही,” मेहता म्हणाले.

“काका, बस ने हवे,” तेजल म्हणाली. (आता पुरे.)

पहिली पाळी माझी. मी भिंतीकडे तोंड करून बसले. माझा बँड सांगलीचा होता, तीन साडूंचा. ते पेटी गिटारच्या अँपमधून वाजवतात; पेटीचा भाता श्वासासारखा ऐकू येतो आणि खाली बेस गिटार विहिरीतल्या रहाटासारखी फिरते. गाणे संपले.

“माझ्या वेटिंग रूममध्ये चालेल,” मेहतांचा आवाज आला. “पेशंट झोपतील.”

“तुमचे पेशंट झोपलेलेच बरे,” बाई म्हणाल्या. “मला आवडलं. पेटीवाल्याला घाई नाही. कोण गं हे?”

मी नाव सांगितले. तिघांनी फोनमध्ये टिपून घेतले. सुचवणाऱ्याला याहून जास्त काही मिळत नाही.

मग बाई स्वतः भिंतीकडे वळून बसल्या. म्हणाल्या, “हे फक्त पाहुणीसाठी. बाकीच्यांनी तोंडं बंद ठेवा.” शिर्के उठले. “मी चहा बघतो,” म्हणाले. दिवाणखान्यात एकदम कोणी हलेनासे झाले. खिडकीचा पडदा तेवढा आत-बाहेर होत होता.

सुरुवातीला नुसती खरखर. मग गिटारचा एक सूर. तो लांबत जातो, संपेल असे वाटते तिथे किंचित वाकतो आणि पुन्हा उभा राहतो. ड्रम्स फार मागे आहेत. शेजारच्या घरात कोणी सतरंजी झटकावी तसे, एक ठोका, बराच वेळ काही नाही, मग एक. मध्येच कुठेतरी भांडी वाजतात. मला वाटले, चहाची असतील. पुढे कळले की ध्वनिमुद्रण एका मंगल कार्यालयाच्या माळ्यावर झाले होते आणि खाली लग्नाची भांडी घासली जात होती.

शब्द नाहीत. मी डोळे मिटले असावेत, कारण आदल्या संध्याकाळची ज्योत मला समोर दिसत होती. हिरवे पाणीही दिसत होते. त्यात काहीच हलत नव्हते. मग हललेले दिसले. ठोके जवळ आले होते. ते आता झोका घेत होते, जाताना जड, येताना हलके, आणि इतका वेळ एका जागी उभा असलेला गिटारचा सूर त्या झोक्यावर बसून पुढे-मागे होऊ लागला. झोका केव्हा सुरू झाला ते मला सांगता आले नसते. मग गिटार थांबली. ड्रम्स एकटेच थोडे पुढे गेले आणि खरखर संपली.

“बोल,” बाई भिंतीकडे पाहत म्हणाल्या.

“शेवटचा भाग पुन्हा लावता का?” मी विचारले.

आतून भांड्यांचा आवाज आधीपासूनच येत नव्हता. आता दारात शिर्के उभे होते. एका हातात गाळणी, दुसऱ्यात पातेले.

“का?” त्यांनी विचारले. “नीट ऐकू नाही आलं?”

“आलं ना.”

“मग?”

“संपला म्हणून.”

“काका, चहा सांडतोय,” तेजल म्हणाली. चहा खरोखरच सांडत होता.

“शिर्के, फरशी कोण पुसणार?” बाई वळल्या. मग माझ्याकडे पाहून म्हणाल्या, “बँडचं नाव संथ मगर. ड्रम्सवर हे आहेत. हे, गाळणीवाले.”

मेहता म्हणाले, “आता कुठे मोडतं ते विचारा ने तिला. नीट विचारा, बॉस.”

शिर्क्यांनी पातेले खाली ठेवले. “ताई, खरं सांगा. शेवटी कुठे गाणं मोडतं का? पाहुण्या आहात म्हणून गोड बोलू नका.”

“मोडतं म्हणजे कुठे?” मी विचारले.

 बाईंनी चष्मा काढून पदराने पुसला. “एकदाच वाजवायचा नियम माझा आहे,” त्या म्हणाल्या, “आणि मी तो आज मोडतेय.” त्यांनी शेवटचे मिनिट पुन्हा लावले.

या वेळी मी डोळे उघडे ठेवले. झोका सुरू झाला तसे तेजलचे पाऊल हलले, मेहतांचे हलले, बाईंच्या पायाचा अंगठा हलू लागला. आणखी दोघे कोपऱ्यात बसले होते, त्यांचे गुडघे हलले. दारात उभ्या असलेल्या शिर्क्यांचे पाय मात्र स्थिर होते. माझे मांडीखाली होते.

रविवारी संध्याकाळच्या गाडीला सोडायलाही तेच आले. फलाटावर बाकावर बसून त्यांनी उरलेले सांगितले. ध्वनिमुद्रणाच्या आधी महिनाभर ते रोज गरब्याच्या ऑर्केस्ट्रात वाजवत होते. “माळ्यावर उकडत होतं. डोळे मिटले होते. हात कुठे गेले मला कळलंच नाही ताई. टेप ऐकताना कळलं. मुकुंद म्हणाला, तुझ्यातून गरबा काही जायचा नाही. मी म्हटलं, का जावा? झालं. तेव्हापासून गरब्यात वाजवतो. हे पुन्हा वाजवलं नाही.”

“मग इतकी वर्षं तुम्हाला काय वाटत होतं?”

“तोच बरोबर असेल असं.” ते म्हणाले. “त्याला कान होता. अजून असेल.”

“काय कळवणार त्याला?”

“बघतो.” गाडी आली. त्यांनी लीलो चेवड्याची पिशवी खिडकीतून आत दिली. पिशवी वरून फाटली होती. थोडा चिवडा शेजारच्या काकांच्या मांडीवर पडला आणि मी त्यांची माफी मागत असताना गाडी हलली. “आवजो!” (पुन्हा या.) शिर्के बाहेरून म्हणाले. गाडीने वेग घेतला तेव्हा अंधार पडू लागला होता. ज्योत दिसते का ते मी पाहिले. गाडी उलट दिशेला निघाली होती.

पुण्यात परतल्यावर काही आठवडे ग्रुपवर संथ मगरचा विषय निघाला नाही. बाईंना विचारले तर म्हणाल्या, “मी विचारलेलं नाही, तूही विचारू नकोस.”

डिसेंबरात मुकुंदने गाणे इंटरनेटवर टाकले. वादक म्हणून दोघांची नावे आहेत, शिर्क्यांचे आधी. मी ते पूर्ण ऐकले. ते ड्रम्सवर संपते.