कॉलरला चिमटे

मी कप्तान अदेलिनोच्या बोटीवर पाहुण्यांना वाइनचे छोटे पेले भरून देते. पन्नास मिनिटांत नदीवरचे सहा पूल, दोन्ही काठ, अख्खं पोर्तो. स्पीकरवर चार भाषांत इतिहास वाजतो, लोक फोटो काढतात. आमचा कप्तान त्यातलं काही ऐकत नाही. शेवटचा पूल मागे पडला की त्याची मान डावीकडे वळते. तिथे आमचं कोळीगाव अफुराडा, काठावरचं धुण्याचं टाकं, वाळत घातलेल्या कपड्यांच्या दोऱ्या आणि त्याची बायको झुल्मिरा. हा दोनदा भोंगा वाजवणार, ती हात वर करणार. एकोणीस वर्षं हेच.

झुल्मिरामावशी नवव्या वर्षापासून त्या टाक्यावर धुतेय. नवरा तारल्या धरायला समुद्रात जायचा तेव्हा होडी दिसेपर्यंत ही टाक्यावरून हलायची नाही, मग धुणं संपलेलं का असेना. टाक्यावर तिच्यापुढे बोलायची कुणाची बिशाद नव्हती. आमच्याकडे शर्ट उलटा टांगून खालच्या काठाला चिमटे लावतात. कॉलरला चिमटे लावणारी बाई घर काय सांभाळणार, असं तोंडावर म्हणतात. मी लग्न होऊन आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात मावशीने मला सुनावलं होतं, "आईने काही शिकवलं नाही वाटतं?" मी आठ दिवस तिच्याशी अबोला धरला होता.

फेब्रुवारीत तिला अर्धांगवायूचा झटका आला. जीव वाचला, पण डावा हात लुळा पडला आणि तोंड वाकडं झालं. त्यानंतर बाई घराबाहेर पडेना. कुणी भेटायला गेलं तर उजव्या हाताने तोंड झाकून बोलायची. डॉक्टरांनी बजावलं, चालली नाही तर पायही जाईल. अदेलिनोने हात जोडले, रुसून पाहिलं, काही उपयोग नाही. तरी प्रत्येक फेरीला तो रिकाम्या काठाकडे बघत दोनदा भोंगा वाजवायचाच. मला ते बघवत नव्हतं.

"वाजवता कशाला, कप्तान?" मी एकदा चिडून विचारलं.

"घरात ऐकू जातं तिला," तो म्हणाला. "नाही वाजवला तर म्हणेल, यानेही मला सोडलं."

झालं, माझं डोकंच फिरलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या दारात जाऊन उभी राहिले. "मावशी, कप्तानचे शर्ट द्या, धुऊन वाळत घालते."

"नीट घाल गं," ती हाताआडून म्हणाली.

"घालते की."

सहाच्या सहा शर्ट तिच्या खिडकीसमोरच्या दोरीवर घातले, कॉलरला चिमटे लावून. टाक्यावरच्या बायका बघतच राहिल्या. "ग्रासिएते, अक्कल गहाण टाकलीस का?" बर्नार्दिना म्हणाली.

"कुणी हात लावायचा नाही," मी दम दिला आणि कामावर गेले. पण रागाच्या भरात म्हातारी उठली आणि पडली तर?

अकराच्या फेरीला काठावर ती नव्हती. अदेलिनोने शर्ट पाहिले आणि त्याचा चेहरा उतरला. "हे कुणी घातले? लोकांना वाटेल झुल्मिरा गेली."

मी पेले भरत राहिले.

साडेबाराच्या फेरीला पूल मागे पडला आणि दोरीपाशी मावशी दिसली. एप्रन, पायात सपाता, दातांत चिमटा, एका हाताने शर्ट ओढतेय. चार शर्ट उलटे करून झाले होते. मधेच चिमटा काढून ती बायकांना काहीतरी सुनावत होती. शब्द ऐकू येत नव्हते, पण शिव्या मलाच होत्या.

अदेलिनोने स्पीकर बंद केला. भोंग्याकडे गेलेला हात मधेच थांबला. "एवढे लोक आहेत. तोंड झाकून घरात पळेल ती."

"वाजवा हो."

त्याने दोनदा वाजवला. बोटीवरची साठ माणसं काठाकडे वळली, कॅमेऱ्यांसकट. मावशीने वळून पाहिलं आणि तिचा उजवा हात तोंडाकडे गेला. चालता हात तो एकच. तोंड झाकायचं की नवऱ्याला हात करायचा, दोन्ही जमणारं नव्हतं.

तिने दातांतला चिमटा थुंकला आणि हात वर केला. वाकड्या तोंडाने हसत उभी राहिली, सगळ्यांच्या देखत. बोट वळून पुलाखाली जाईपर्यंत तिने तो हात खाली घेतला नाही.