बॉडी न्यायला कोण आलंय?

शेजारीपाजारी कुणी गेलं की लोक दारात उभे राहून विचारतात, "बॉडी किती वाजता येणार?" माझं डोकंच फिरतं. अरे, कालपर्यंत त्या माणसाला काका म्हणत होतात ना? एका रात्रीत बॉडी? घरचे म्हणतात, म्हातारी शब्दावरून भांडते. भांडते तर भांडते! मला हा शब्द कुठे कळला, ते त्यांना कुठे ठाऊक आहे?

वऱ्हाड मध्यप्रांतात होता त्या काळी आमच्या अमरावतीच्या घरात बॉडी म्हणजे पोलक्याच्या आत घालायचा कपडा. बस्स. आईच्या पिढीला चोळी पुरे होती, बॉडी आली ती माझ्या ताईच्या वयाच्या मुलींबरोबर. ताईने हट्टाने पहिली मांजरपाटाची शिवून घेतली तेव्हा आई म्हणाली, "मोठी मडमीन झाली वं!" पुढे आईच हौसेने बॉड्या शिवायला शिकली. शाळेत मास्तरांनी 'बॉडी म्हणजे शरीर' सांगितलं, तेव्हा आम्ही मुली पुस्तकात तोंड खुपसून हसलो. मास्तर चिडले. "हसता काय? माणूस मेला की त्यालाही इंग्रजीत बॉडीच म्हणतात." तरी आमचं हसू थांबेना.

त्याच वर्षी ताई अकोल्याला सासरीच बाळंत झाली. बाळंतपणाला माहेरी आणायची होती, पण दिवस भरायच्या आधीच कळा आल्या. मुलगी झाली, ती चांगली होती. ताईचा ताप मात्र उतरेना, म्हणून तिला दवाखान्यात ठेवलं. मग निरोप आला की दुधाने कपडे भिजतात, बॉड्या घेऊन या. त्या निरोपाने आईला केवढा धीर आला! "कपडे मांगून राहिली म्हन्जे बरी हाय. दूध येऊन राहिलं नं? मंग उठते माही पोरगी."

वडील फिरतीवर होते, म्हणून आम्ही दोघीच निघालो. बडनेऱ्याला गाडी बदलली. आईने गाठोडं मांडीवरून खाली ठेवलं नाही. ताप उतरला की ताईला आणि नातीला घरी आणायचं, डिंकाचे लाडू करायचे, हेच अकोल्यापर्यंत चाललं होतं. मीही तिला हो हो म्हणत होते.

दवाखान्याच्या व्हरांड्यात एक नर्स भेटली. आपल्याकडची नव्हती, मराठी मोडकंतोडकं. आम्ही ताईचं नाव सांगितलं, तशी ती थांबली आणि हळू आवाजात म्हणाली, "बॉडी न्यायला कोण आलंय? तुम्हीच?"

"न्यायले नाही बाई, द्यायले आलो आमी," आई म्हणाली आणि तिने गाठोडं सोडलं. "हे पाहा, दोन हायेत. समोरून गुंड्या लावल्या, लेकराले पाजाले सोप्या."

नर्स हसली नाही. तिच्यावर माझा कधीच राग नव्हता. तिने माझ्याकडे पाहिलं, आणि मला कळलं.

"काहून चूप झाली ते?" आईने मला विचारलं. "काय म्हन्ते?"

"विंग्रजीत बोलून राहिली, आई."

"मंग तू मराठीत सांग नं. तुले येते."

भाऊजी चार माणसं आणायला घरी गेले होते, हे नंतर कळलं. त्या घडीला तिथे मराठीत सांगणारं माझ्याशिवाय कुणी नव्हतं. प्रेत म्हणू? माझ्या ताईला? जीभ रेटेना. आई घड्या सारख्या करत माझ्या तोंडाकडे पाहत होती.

मी म्हटलं, "आई, ताईले घरी न्याचं हाय."

"सुटी देल्ली तिले?" आई म्हणाली, आणि केवढी हसली हो माझी माय!