काकांचा कूलर

लातूरचा जिल्हा झाला आणि आमच्या काकांच्या अंगात कलेक्टर संचारला. नवं घर बांधताना काकू म्हणाली, "समोरासमोर खिडक्या ठिवा, वारा खेळंल." काका म्हणाले, "खिडक्या खेड्यात. आपण आता जिल्ह्याची माणसं हाव." त्यांनी बैठकीला एकच खिडकी ठेवली आणि तिच्यातही कूलर बसवला. पुढचा उन्हाळा दुष्काळाचा निघाला. प्यायलाच पाणी टँकरचं, तिथं कूलरच्या टाकीत काय ओतणार? बैठकीची भट्टी झाली. तरी पाहुणा आला की काका आधी त्याला तो कोरडा कूलर दाखवत, मग शेजाऱ्याकडे घेऊन जात. तिथं समोरासमोर खिडक्या होत्या. तो वारा अंगावर घेत, शेजाऱ्याचाच चहा पीत, काका त्याला खेडवळ म्हणत.