डायरीतलं दुखणं

देवकाताई मडावी, मुक्काम रोहणा, तालुका आर्वी. हे नाव आधी लिहिते, कारण दवाखान्यात खरं बोलायला मला त्यांनी शिकवलं. बाकीचं मागून सांगते. माझं शिक्षण सहावीपर्यंत, चुकलं तर सांभाळून घ्या.

आम्हा दोघींना सिकलसेल. रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, अडकतात, आणि हाडाहाडांत कळा उठतात. मी नंदुरबारकडची, धडगावच्या डोंगरातली. वर्ध्याकडच्या जाम गावी, चौरस्त्यावरच्या एका ढाब्यात पोळ्या लाटायला आले आणि तिथेच आजारी पडले. वर्ध्याला दवाखान्यात नेलं, तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी एका नव्या औषधाच्या चाचणीबद्दल विचारलं. काहींच्या गोळीत खरं औषध असणार, काहींच्या गोळीत नुसती पूड, आणि कुणाला काय दिलंय हे डॉक्टरांनाही माहीत नसणार. त्यांनी सगळा कागद दोनदा वाचून दाखवला, नको वाटलं तर कधीही सोडा म्हणाले. मी सही केली. घर सोडल्यापासून मला 'बसा' म्हणून कुणी खुर्ची पुढे केली ती तिथे.

दर महिन्याला तपासणी असायची, आणि रोजचं दुखणं घरी डायरीत लिहायचं, शून्य ते दहा. पहिल्याच खेपेला बाकावर शेजारी एक काळीसावळी, काटक बाई बसलेली, त्याच देवकाताई. सिस्टरने विचारलं, "आज किती?" तर म्हणाल्या, "पोरीच्या वक्ताचं माह्यं बाळंतपण दहा. त्या हिशेबानं आज पाच. पायऱ्या चढलो का सहा." सिस्टर हसली. मग मला विचारलं. मी म्हटलं, दोन. पुढच्या महिन्यातही दोन, त्याच्या पुढच्यातही दोन.

"काऊन वो पोरी," त्या म्हणाल्या, "तुले रोज दोनच दुखते? घड्याळ बंद पडलं का तुह्यं?"

देवकाताई गावच्या शाळेत पोरांची खिचडी शिजवायच्या. घरी गोंडी बोलायच्या, माझ्याशी वऱ्हाडी. पहाटेची एसटी धरून यायच्या आणि येताना डब्यात माझ्यासाठीही भाकरी आणायच्या. एकदा मी भाकरी हातात धरूनच बसले. ठेचा त्यांनी माझ्यापुढे सरकवला, तो मी परत सरकवला.

"तोंड उघड."

मी उघडलं. आत सगळे फोड होते. पंधरा दिवस मी भात पाण्यात कालवून गिळत होते.

"सिस्टरले सांगतलं?"

मी नाही म्हणून मान हलवली. कसं सांगू? एवढी माणसं माझ्यासाठी राबतात, नावाने हाक मारतात. त्यांच्या औषधाला नावं ठेवायची? आणि सांगितलं तर मला काढून टाकतील. मग जामच्या त्या खोलीत कळा आल्या की मी एकटी.

देवकाताई रागावल्या नाहीत. भाकरी दुधात कुस्करता कुस्करता म्हणाल्या, "अवं माय, आपण इथं नुसतं औषध खायले नाई येत. औषधाचं खरंखोटं सांगायले येतो. तू लपवशीन, अन् उद्या हेच औषध एखाद्या लेकराले देतीन. त्याचं तोंड कोन पाहीन?" डबा माझ्यापुढे सरकवत म्हणाल्या, "मी नाई सांगत. तुह्या तोंडचं तूच सांग."

त्या दिवशी मी सांगितलं नाही. हे लिहायला लाज वाटते.

पुढच्या महिन्यात त्यांचा नंबर माझ्याआधी होता. त्या वर्षी त्या एकदाही भरती झाल्या नव्हत्या. शाळेत पूर्ण वेळ उभं राहून खिचडी ढवळली, याचंच त्यांना केवढं कौतुक! दार अर्धं उघडं होतं. आतून त्यांचा आवाज आला, "डॉक्टरसाहेब, तांदूळ निवडतो, तं खडा दिसत नाई. बोटानंच शोधा लागते."

खूप वेळाने बाहेर आल्या. डोळे तपासले होते. गोळ्या बंद केल्या होत्या, जुनं औषध परत सुरू.

मी भांडलेच त्यांच्याशी. "कशाला सांगितलंत? बरं वाटत होतं ना?"

"बरं वाटत होतं, तेही सांगतलं. धुरकट दिसते, तेही सांगतलं." त्यांनी पिशवीतून माझा डबा काढून दिला. "जा, तुले बोलावून राह्यले."

मी आत गेले आणि डॉक्टरांसमोर तोंड उघडलं. कुणी काढून टाकलं नाही. गोळी कमी केली, महिन्याभरात फोड गेले. दुखण्याचा आकडाही त्या दिवसापासून खरा लिहू लागले. पहिल्याच रात्री सात लिहिला आणि एकटीच रडले.

थंडीत देवकाताईंच्या छातीत कळ भरली, आणि दोन दिवसांत त्या गेल्या. मला कळलं ते तपासणीच्या दिवशी, सिस्टरकडून. बाकावरची शेजारची जागा रिकामी होती, आणि मला वाटत होतं एसटी उशिरा आली असेल.

मी रोहण्याला गेले. त्यांचे यजमान महादेवभाऊ अंगणात बसले होते. चहा झाला, आणि मग त्यांनी विचारलं, "बाई, तिच्या गोळीत दवाई व्हती का पूड?"

मी म्हटलं, डॉक्टरांना विचारून सांगते.

"दवाई असन, तं बंद केली म्हणून गेली का, हे मनात येते. पूड असन, तं येत नाई. मले समजलं पाह्यजे."

डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, चाचणी पूर्ण संपेपर्यंत ते आम्हालाही कळत नाही. संपल्यावर यादी उघडेल, तेव्हा घरच्यांना सांगू. ते असंही म्हणाले, की उत्तर काही आलं तरी त्यावरून मरणाचं कारण ठरत नाही. मला पटलं. महादेवभाऊंना पटेल का, ठाऊक नाही.

यादी उघडायला अजून वेळ आहे. तोवर मी जामला असेन की धडगावला परत गेलेली असेन, कुणास ठाऊक. पण त्या दिवशी मी वर्ध्याला येणार. महादेवभाऊंना एकट्याने डॉक्टरांच्या खोलीत जाऊ देणार नाही. कागदावर जे असेल ते मी त्यांना वाचून दाखवीन, आणि वाचल्यावर लगेच उठून जाणार नाही, बसेन. मला फार भीती वाटते. पण देवकाताई, तुमचं एवढं तरी मी फेडीन.