आधी पिशवी, मग नियम

सायराचा फोन आला तेव्हा मी ओट्यावर उन्हाला बसून सुईत दोरा ओवत होते. ओवत होते म्हणजे सुईच्या आजूबाजूला दोरा फिरवत होते, या वयात तेवढंच जमतं. "मावशी, अम्मी राह्यली नाही," ती म्हणाली. मी विचारलं, "डॉक्टरले नीट विचारलं का?" पोरगी रडायचीच थांबली. तिच्या आईनं हा प्रश्न ऐकला असता तर म्हणाली असती, सुमनले मेल्या माणसाच्या बाबतीतही दुसरं मत पायजे!

नसीम जाऊन आता महिना होत आला. ती मलकापूरच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायची आणि मी मुलींच्या शाळेत शिवणकाम. तिचे वडील पिंजारी, गाद्या भरायचे. माझं मशीन त्यांच्या दुकानाला लागून. तिथं आमची ओळख झाली आणि मग ती सुटली नाही. तिचा खरा जीव गांडुळांवर. कपाशीच्या वावरातली माती आणायची, चाळायची, गांडुळं शोधायची. मला तिची किळस यायची. आपण सुती साडीला खळ घालून फिरणाऱ्या, आपली मैत्रीण नखात माती घेऊन यायची... काय तो माझा तोरा!

बीटी बियाणं आलं त्यानंतरच्या वर्षांतली गोष्ट. सुरुवातीला बोंडं अशी लगडली की वेचणाऱ्या बायांचे हात पुरेनात. मजुरी किलोवर. पूर्वी बाया कमरेला जुन्या लुगड्याची ओटी बांधून कापूस वेचायच्या. ती लवकर भरते, सारखं धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, जाऊन रिकामी करावी लागते. खताचं प्लास्टिकचं पोतं मोठं, घरोघर फुकट पडलेलं. त्याला दोरी लावली की झालं. उन्हानं ते पोतं कुरकुरीत होतं आणि त्याचे बारीक पांढरे धागे सुटतात. काही कापसात जातात, काही वावरात पडून आणखी बारीक होत मातीत मिसळतात. एके दिवशी नसीमनं मला कॉलेजात बोलावून सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायला लावला. मी म्हटलं, "माह्या पापणीचा केस दिसून राह्यला." ती म्हणाली, "केस नाही वं, खताचं पोतं हाय. गांडुळाच्या पोटातून निंगालं." आणि मग स्वतःशीच म्हणाली, "कोनी मुद्दाम टाकत नाही ना, थे झडते. मंग रागवावं तरी कोनाले?"

मला रागवायला कुणीही चालायचं. मी त्याच संध्याकाळी एक पत्रक लिहिलं, 'वेचणीरत भगिनींनो, भूमातेचा आक्रोश ऐका' अशा थाटाचं. आज आठवलं की घाम फुटतो. तेव्हा मी काही पोरसवदा नव्हते, अक्कल मात्र पोरसवदाच होती. आम्ही दोघी वावरात गेलो, मी पत्रक वाचून दाखवलं. कमला नावाची एक बाई होती, स्वतःचं थोडं वावर असलेली आणि दुसऱ्यांचंही वेचणारी. तिनं पत्रक हातात घेतलं, नीट घडी घातली आणि वारा घ्यायला लागली. मग मी जिद्दीनं मांजरपाटाच्या पिशव्या शिवल्या. नुसत्या नाही, काठाला लाल पट्टी लावून! नसीम म्हणत होती, साध्या कर. पण शिवणाच्या बाईनं साधं शिवायचं म्हणजे काय... पुढच्या वेचणीला जाऊन पाहतो तर वावरात सगळीकडे खताचीच पोती. पिशव्या घरी होत्या. एकीची उशीची खोळ झालेली, एकीचा खिडकीचा पडदा. कमला म्हणाली, "एवढी नवी पिशवी वावरात कोन घासते, बाप्पा? पोरीच्या सासरी गहू पाठवला म्या तिच्यात." नसीम परतीच्या एसटीत मलकापूर येईपर्यंत हसत होती. मी खिडकीकडे तोंड करून बसले होते.

पिशव्यांनी होत नाही म्हटल्यावर ती नियमाच्या मागे लागली. तिचं म्हणणं वर्तमानपत्रात आलं, मग प्लास्टिकच्या पोत्यातला कापूस जिनिंगमध्ये, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, घेऊ नये असा प्रस्ताव तिनं जिल्ह्याच्या बैठकीसाठी दिला. नेमकी त्याच वर्षी गुलाबी बोंडअळी आली. ज्या बीटीवर अळी येणार नाही म्हणत होते, त्याचंच बोंड फोडलं की आत अळी वळवळायची. बैठक व्हायच्या आधीच एका जिनिंगवाल्यानं नसीमची बातमी कापून फाटकावर डकवली आणि पोत्यातल्या कापसाचा भाव पाडायला सुरुवात केली. आम्ही तिथं कापसाचे नमुने आणायला गेलो, तर फाटकाशी कमला उभी. तिनं बातमीवर बोट ठेवलं. "बाई, हे तुमचंच नाव हाय ना? तुमी धागा पाह्यला, अन् पैसे आमचे कापले."

नसीमला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

बैठकीला मीही गेले. सत्कार-बित्कार झाला तर फोटो येईल म्हणून मी नवं ब्लाउज शिवून घातलं होतं, हेही सांगून टाकते. नसीम उठली आणि म्हणाली, "आधी पिशवी द्या, मग नियम करा. पोतं घेऊन येनारीचा पैसा कापाचा नाही. पोत्यात खत भरून विकते, त्याले आधी विचारा." एक साहेब चष्मा काढून म्हणाले, "मॅडम, हा प्रस्ताव तुमचाच आहे." ती म्हणाली, "हाव, माहाच हाय. म्हनूनच मले त्याचं भ्याव वाटते." प्रस्ताव बाजूला पडला. बाहेर आल्यावर मी तिच्यावर चिडले. इतक्या वर्षांचं काम स्वतःच्या हातानं बुडवलं म्हणाले. ती थकून पायरीवर बसली होती. "आपल्या डोक्यावरचं गाठोडं खालच्याच्या डोक्यावर ठेवनं म्हंजे काम नाही वं, सुमन," एवढंच बोलली.

त्यानंतर आमचा हा खटाटोप कितीतरी वर्षं चालला. पुढं मला एक खोडी सुचली, म्हटलं पिशवीला बूडच ठेवायचं नाही. खालून नाडी, नाडी ओढली की कापूस सरळ ढिगावर. असली पिशवी उशीला चालत नाही, गव्हालाही नाही. कमलानं ती उलटीसुलटी केली. "हे पिशवी हाय का परकर?" पण वाकून पोतं झटकायचा त्रास गेला म्हणून तिनं ती गळ्यात अडकवली, आणि तिचं पाहून आणखी काहींनी. भला एक जिनिंगवाला मिळाला, तो पिशव्यांचा खर्च द्यायला लागला. चार-दोन गावं झाली. बाकीचा जिल्हा अजून पोत्यातच आहे. नसीम 'आधी पिशवी द्या' म्हणून जिल्ह्याच्या कचेरीला लिहीतच राहिली, उत्तर यायचं, आणखी नमुने हवेत. शेवटची भेटले तेव्हा तिनं तसलंच उत्तर उशीखालून काढून दाखवलं. "मले उभ्यानं नमाज होत नाही, अन् यायले नमुने पायजे," म्हणाली आणि हसली. मला हसू आलं नाही. मी तिची चादर सारखी करत राहिले, ती सारखीच होती.

परवा सायरानं घर भाड्यानं द्यायचं म्हणून आवरायला बोलावलं. मागच्या खोलीत लोणच्याच्या, मुरंब्याच्या बरण्या भिंतीला लागून मांडलेल्या, सगळ्या मातीनं भरलेल्या. वावरावावरांतली, साला-सालाची काळी माती. "मावशी, हे कुठं टाकू?" सायरानं विचारलं. मी पटकन म्हटलं, "टाक ना एखाद्या वावरात, मातीच तर हाय." सायरा माझ्याकडे बघत राहिली, आणि मला कळलं मी काय बोलले ते. त्या मातीत तेच पोत्याचे धागे होते. कुणाच्या वावरात टाकायची? मग मी नालीकडे पाहिलं. नाली नदीला जाते, नदी पुन्हा कुणाच्या तरी वावराला. अंगणातल्या पेरूच्या बुडाशी टाकावी, तर पेरू गल्लीतली पोरं खातात. सायरानं उचललेली बरणी फडक्यानं पुसली आणि जागेवर ठेवली. मीही एक पुसली. तिचं झाकण तेवढं घट्ट केलं.

संध्याकाळी भाडेकरू आला, त्याला दोन खोल्या दाखवल्या. "अन् हे मागची?" त्यानं विचारलं. सायरा म्हणाली, "थे नाही भेटनार." आणि मागच्या खोलीला कुलूप लावून किल्ली तिनं माझ्या हातात दिली.