अंकुशचे गारलाडू

फोन टेम्पोवाल्याचा होता. मी संस्थेत दूध मोजून घेत होतो, बायका रांगेत उभ्या होत्या, म्हणून तो आधी कापला. लगेच पुन्हा वाजला. नगरच्या अलीकडे अंकुशला दरदरून घाम फुटला, छातीत कळ आली, दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं, एवढं त्यानं एका दमात सांगितलं. मग जरा थांबून म्हणाला, मागं बर्फाच्या पेटीत माल आहे, पुण्याला पोचवायचाय, वितळून जाईल, काय करू... अंकुशचा थोरला भाऊ दादाराव दूध घालायला आला होता. फोन मी तसाच त्याच्या हातात दिला. त्यानं ऐकलं आणि फोनवरच टेम्पोवाल्याला म्हणाला, "आमी निघतोच दवाखान्याकडं. तू माल पोचीव. अंकुशाला इचारलं आसतं, तर त्यो बी हेच म्हणला आसता."

या गोष्टीला आता महिना उलटून गेलाय. त्याच्यावर चार ओळी लिहायच्या म्हणून बसतो आणि उठतो, पुन्हा बसतो. माझ्यात ही चुळबुळ आधी नव्हती. ती त्याची. आष्टीजवळच्या आमच्या गावातल्या शाळेत तो माझ्या शेजारी बसायचा, पण अर्धंच वर्ष. दिवाळी झाली की आईबापाबरोबर ऊसतोडीला जायचा, पाडव्याच्या आगेमागे काळवंडून परत यायचा आणि मास्तरांनी कुठवर शिकवलं ते न विचारता आपणच कारखान्याच्या गप्पा सुरू करायचा. मोठा झाला, कोयता सुटला, तरी दिवाळी सरली की त्याचे पाय शिवशिवायचे. नगरला एका मिठाईवाल्याकडे राहिला, तिथून सुरतेला गेला, तिथेही भांडला, मग पुण्याला. कुठलंही काम त्याला पटकन यायचं आणि आलं की त्याचा कंटाळा यायचा.

पुण्यात मात्र टिकला. जपानी कंपन्यांतल्या साहेबलोकांसाठी चालवलेलं एक हॉटेल होतं आणि तिथं एक म्हातारा जपानी कारागीर मिठाई करायचा. चिकट तांदूळ वाफवून, कुटून त्याची लवचिक पारी करायची, आत लाल चवळीसारख्या दाण्यांचं गोड पुरण भरायचं. दाइफुकु म्हणतात त्याला. अंकुश भांडी घासायला लागला आणि बघता बघता पारी कुटायला बसला. मालकाच्या मनात त्याच्या आत आइस्क्रीम भरून विकायचं होतं. म्हाताऱ्यानं साफ नकार दिला, मिठाई ताजी खायची असते म्हणाला. अंकुशनं ते करून दाखवलं. पारीत साखर किती घातली की ती गोठूनही मऊ राहते, हे त्यानं चार-पाच महिने मालकाचे तांदूळ नासवून शोधलं. म्हातारा आधी रागावला, मग एक खाल्ला, मग काहीच बोलला नाही. ही हकिगत मी त्याच्या तोंडून कितीतरी वेळा ऐकली, आणि दर वेळी त्यात म्हातारा थोडा जास्त वेळ गप्प राहायचा. बढाई मारण्यात अंकुशचा हात कुणी धरू शकलं नसतं.

मग दुष्काळ पडला. डेअरीनं कळवलं, एवढ्याशा दुधासाठी गाडी पाठवणं परवडत नाही. आमच्या दूध संस्थेचा सचिव मी. दूध घालणाऱ्या बहुतेक बायका, एकेकीची एक गाय, फार तर दोन. आम्ही दूध घेणं थांबवलं की ती गाय बाजारात उभी राहणार, हे त्यांना ठाऊक होतं आणि मलाही. अंकुशला फोन केला तो नुसता जीव हलका करायला. दोन दिवसांनी तो चिकट तांदळाचं पोतं खांद्यावर टाकून फाट्यावर उतरला. "दूध बंद करू नको बे," म्हणाला, "मी हाय."

संस्थेतला पडून राहिलेला मोठा फ्रीझर त्यानं चालू करून घेतला. दुधाचा खवा आटवायचा, त्यात डोंगरातल्या सीताफळाचा गर, ते गोठवायचं आणि वर पारी. गावात कुजबुज झाली, प्यायला टँकर आणि हा बर्फाची चैन करतोय. तो भर चौकात भांडला, भांड्यांचं धुवण गाईंनाच जातंय, बघायला या म्हणाला. पण पहिला घास अडला तो वेगळ्याच कारणानं. पांढरेशुभ्र गोल लाडू ताटात मांडून त्यानं बायकांपुढे ठेवले, तर एकीचाही हात पुढे येईना. शेवटी कांताबाई बोलली. बोलायला ती कुणाला भीत नाही. "आरं अंकुशा, दहाव्याला पिंड ठिवतेत तसं दिसतंय हे. आमी कसं खावं?"

पुण्यात हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. ताट तसंच टाकून तो निघून गेला. आम्हाला वाटलं, गेला, धरली यानं पुण्याची गाडी. संध्याकाळी आला तो चवळी घेऊन. ती खमंग भाजली, दळली आणि एकेक लाडू त्या तपकिरी पिठात घोळवला. मग खाल्ले सगळ्यांनी. बायकांनीच त्याला गारलाडू नाव दिलं. पुढे पुण्याची दुकानं तेच मागायला लागली.

तो जाईल ही धास्ती मात्र कधी गेली नाही. दर दिवाळीनंतर मी त्याच्या तोंडाकडे बघत राहायचो. एकदा न राहवून विचारलंच. म्हणाला, "जायचं तर मला रोज आसतंय बे. पर आज दूध आलंय, आज कसं जावं?" हे मी बायकांना सांगितलं, तशा त्या तांबडं फुटायच्या आत कॅन आणून त्याच्या दाराशी ठेवायला लागल्या. डोळे उघडून बाहेर आला की दूध समोर. अशी त्यांनी त्याला वर्षानुवर्षं रोज एकेक दिवस अडकवून ठेवला... आणि तो शिव्या घालत अडकून घेत राहिला.

पण शिकवलं त्यानं कुणाला नाही. तेवढा धीरच नव्हता. कुणी पारी हातात घेतली की हिसकावून घ्यायचा, तू हो बाजूला म्हणायचा. या गोष्टीचा मला अजूनही राग येतो. तेरावा झाल्यावर मीच बायकांना सांगितलं, उद्यापासून दूध आणू नका, घेऊन करू काय? दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो तर संस्थेत चूल पेटलेली. कांताबाई पदर खोचून पारी कुटत होती, दुसरी खव्याच्या कढईपाशी. पारी फाटत होती, त्या पुन्हा गोळा करून पुन्हा लाटत होत्या. बाहेर रांगेत सगळे कॅन.

त्यातला पहिला लाडू गोठल्यावर कांताबाईनं माझ्या हातावर ठेवला. मी उभ्यानंच खाल्ला. पारी जाड, दाताला चिकटणारी, खवा जरा करपलेला. तिनं विचारलं, त्येच्यावानी झालाय का? मी नाही म्हणालो. खोटं बोलवलं नाही, आणि खरं सांगायचं तर त्याच्यासारखा झाला असता तर मला तिथं उभं राहवलं नसतं.

ती हाताचं पीठ झटकून म्हणाली, "मग उद्या बी करून बघावं लागंल. जावा भाऊ, दूध घ्या, बाया खोळंबल्यात."